खाली तीन, वर दोन

इथले अनुभव मी बरीच वर्षं नुसतीच वाचते आहे. खोटं कशाला बोलू, पुष्कळदा हसूही येतं... कुणाला पिंपळाखाली बाई दिसते, कुणाची गाडी घाटात आपोआप बंद पडते. माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता, आणि आजही 'विश्वास' हा शब्द मला जड जातो. माझं आयुष्य मोजमापात गेलं. काटा हलला तर का हलला हे सांगता आलं पाहिजे, नाही सांगता आलं तर मशीन दुरुस्तीला पाठवायचं — एवढा साधा हिशोब होता माझा. पण एक काटा असा हलला की त्याचं कारण मला तीसेक वर्षांत सापडलेलं नाही. आणि हो, ते मशीन दुरुस्तीला पाठवून झालेलं आहे. ठणठणीत निघालं.

नव्वदचं दशक नुकतं लागलं होतं. मी ठाण्याला कोपरीत आईवडिलांकडे राहायची. एम.एस्सी. झाल्या झाल्या एका संस्थेत (नाव देत नाही, माणसं अजून आहेत) प्रोजेक्टवर लागले होते. काम असं, की खाडीच्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन किती आहे ते सलग मोजायचं. तोवर पाणी बाटलीत भरून लॅबमध्ये आणायचं, त्यात हे चार थेंब टाका, ते चार थेंब टाका, अशी पद्धत होती. आमच्याकडे प्रोब आला होता. अंगठ्याएवढी कांडी, टोकाला पातळ पापुद्रा, मागे लांबलचक केबल. केबलच्या दुसऱ्या टोकाला मीटर आणि चार्ट रेकॉर्डर — म्हणजे एक पेटी, तिच्यात कागदाची गुंडाळी सावकाश सरकते आणि लाल शाईचं पेन तिच्यावर रेघ काढत जातं. ईसीजी काढताना पाहिला असेल तर तसंच, फक्त फार हळू. तासाला दहा सेंटिमीटर कागद.

मला त्या मशीनचा केवढा गर्व! संस्थेतली बाकीची मंडळी थेंब मोजत बसलेली, आणि मी मात्र पाण्याचा श्वास कागदावर उतरवून घेणार, असं काहीतरी मी घरी आईला सांगितलं होतं. ती म्हणाली, "बरं, पण चपला बाहेर काढ, चिखल आणलायस."

जागा डोंबिवली पश्चिमेला, रेतीबंदराच्या पुढे. खाडीकाठचं एक लहान गाव, एक दगडी धक्का आणि धक्क्यावर पत्र्याची एक खोली. कधीकाळी ती रेतीवाल्यांची चौकी होती, आता आम्ही मशीनसाठी घेतली होती. कुलपाची किल्ली एकच, ती माझ्या पर्समध्ये. खोलीत वीज नव्हती. मशीन मोटारीच्या बॅटरीवर चालायचं, आणि ती बॅटरी मी दर मंगळवारी नि शुक्रवारी संस्थेच्या जीपमधून ठाण्याहून आणायची, संध्याकाळी परत न्यायची. प्रोजेक्ट बघणाऱ्या आमच्या सरांनी बजावलंच होतं की तिथे ठेवलीस तर दुसऱ्या दिवशी दिसणार नाही. हे बॅटरीचं नीट लक्षात ठेवा. आणखी एक — दर वेळी मशीन सुरू करताना कागदावर तारीख घालून मी सही करायची, बंद करताना पुन्हा सही. दोन सह्यांच्या मध्ये जे काही आहे ते माझ्या समोर झालेलं, असा त्याचा अर्थ.

प्रोब पाण्यात सोडायला माणूस हवा होता. तो गावातच मिळाला, जोमाकाका. साठीच्या आसपासचे, काटक, अंगात नेहमी बिनबाह्यांचा बनियन. तरुणपणी ते डुबीवाले होते. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते — तेव्हा आमच्या खाडीत रेती हाताने काढायचे. होडीतून बांबू खाली रोवायचा, त्याला धरून माणूस तळाशी जायचा, श्वास रोखून बादली भरायची, वर यायचं. दिवसभर. पुढे पंप आले आणि जोमाकाकांनी होडीवर मासेमारी धरली.

काका प्रोब बांबूला बांधायचे, होडी धक्क्यापासून थोडी आत नेऊन उभी करायचे आणि बांबू पाण्यात सोडायचे. मी खोलीत रेकॉर्डरपाशी. पहिल्याच दिवशी बघते तर रेघ सुरू होताना पेनाने तीन उड्या मारल्या. टक, टक, टक. मी धावत बाहेर.

"काका, काय केलंत? आपटलात का प्रोब?"

"आपटीन कशाला? ठोकला."

"ठोकला?"

"बांबू ठोकला होरीवर. खाली जातांना तीन ठोकाचे, वर आयलो का दोन."

मी चिडले. पापुद्रा फाटला असता तर नवा यायला दोन महिने लागले असते. मी त्यांना चांगलं सुनावलं. त्यांनी मान डोलावली, आणि संध्याकाळी बांबू वर काढताना परत ठोकलं. दोन वेळा. रेघेवर दोन उड्या.

मग मी विचारलंच. डुबीवाल्यांची त्यांच्या होडीवरची खूण होती ती. ते आणि त्यांचा जोडीदार, दोघंच. एक खाली जाणार, दुसरा वर होडीत बसणार. पाणी इतकं गढूळ की वरून हातभर खालचं दिसत नाही. म्हणून खाली जाणाऱ्याने जाताना तीनदा ठोकायचं, वर आला की होडीच्या कुठल्याही बाजूने का येईना, फळीवर दोनदा ठोकायचं. वरच्याने त्या दोन ठोक्यांकडे कान लावून बसायचं.

"न् तीन आयले न् दोन नाय आयले त?" मी त्यांच्यासारखंच बोलून विचारलं. मला मजा वाटायची तसं बोलायला.

काका हसले नाहीत. "त वरच्यानी ईचार नाय कराचा, बाय. उरी टाकाची."

उरी म्हणजे उडी.

त्यानंतर मी त्यांना ठोकू दिलं. खरं सांगायचं तर मला ते सोयीचंच वाटायला लागलं — प्रोब पाण्यात कधी गेला नि बाहेर कधी आला याची आपोआप नोंद. बाहेर काढला की रेघ एकदम वर उसळायची, कारण प्रोबला हवा लागायची, आणि त्याच्यापाठोपाठ दोन उड्या. काका मला 'माजी वरची' म्हणायला लागले. जेवायला त्यांच्या घरी बोलवायचे. हिराकाकी, म्हणजे त्यांची बायको, चिंबोऱ्यांचं कालवण करायची आणि मी ब्राह्मणाच्या घरातली असून खाते याचं दोघांना भारी कौतुक. घरी मी सांगितलं नव्हतं, ते वेगळं.

आता मुद्द्याची गोष्ट. काकांनी हे काम पत्करलं होतं ते आमच्या मजुरीसाठी नाही. त्यांना एक गोष्ट सिद्ध करायची होती. गावाच्या वरच्या अंगाला एक नाला खाडीला मिळायचा, त्यातून कुठलं तरी काळं पाणी यायचं. कुठल्या कारखान्याचं ते मला तेव्हाही नक्की कळलं नाही आणि आता अंदाजाने कुणाचं नाव घेणार नाही. काकांचं म्हणणं असं, की महिन्यातून दोनदा ते पाणी साचतं आणि मासे तोंड वर करून तडफडत येतात. त्यांनी कचेऱ्यांमध्ये खेटे घातले होते. प्रत्येक ठिकाणी एकच — पुरावा आणा. मेलेला मासा नेला तर म्हणाले, मासा काय, जाळ्यातही मरतो.

"तुजे मशीनला सांग बाय," ते म्हणायचे. "मशीन बोलला का कोन खोटा नाय बोलनार."

मी म्हटलं, "काका, पकडून देईन. शब्द."

दोन महिने झाले. मंगळवार, शुक्रवार. मंगळवार, शुक्रवार. माझी रेघ लिटरला पाच-साडेपाच मिलिग्रॅम ऑक्सिजनच्या आसपास सुखाने चाललेली. काळ्या पाण्याचा पत्ता नाही. सर म्हणाले, म्हातारा कल्पनेत रमलाय. मलाही तसंच वाटायला लागलं होतं, आणि एकदा तसं मी काकांजवळ बोलूनही गेले... जरा शहाणपणाच्या सुरात.

ते म्हणाले, "तू वार बगून येतेस. पानी वारावर नाय चालत, तिथीवर चालतं. अष्टमीला ये. भांगाचे दिवसांन पानी जाग्यावरच रवतं."

आता गंमत बघा. चंद्रामुळे भरती-ओहोटी होते हे मी शाळेत शिकलेले. अमावास्या-पौर्णिमेला मोठं उधाण आणि अष्टमीच्या सुमाराला पाण्याचा जोर ओसरतो, त्याला इकडे भांग म्हणतात, हे ज्याने कुणी दोन पानं वाचली असतील त्याला कळेल. जोर नसला की नाल्यातून आलेली घाण वाहून जात नाही, तिथेच घुटमळते. शुद्ध विज्ञान. पण 'अष्टमी' हा शब्द ऐकला की मला आईचा उपास आठवायचा. पंचांग म्हटलं की माझं डोकं बंद व्हायचं. मी अंधश्रद्धा मानत नव्हते ना! तेव्हा तिथी पाहून प्रयोग करणं मला लाजिरवाणं वाटलं. माझ्या आयुष्यातली ही सगळ्यात अडाणी चूक आहे, आणि ती मी शिकलेली असल्यामुळे केली.

"येत्या रविवारी हाय अष्टमी," काका म्हणाले. "दुपारी पानी उतरल तवा."

रविवारी जीप मिळत नाही, हे खरं कारण होतं. दुसरं खरं कारण म्हणजे त्या रविवारी आमच्याकडे कांदेपोह्यांचा कार्यक्रम होता. मुलगा बँकेतला. मी काकांना म्हटलं, "बघते."

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "ये जमला त. तू नसलीस त वर कोन बसल?"

मी गेले नाही. साडी नेसून पोहे दिले. दुपारी पाहुणे गेल्यावर झोपले.

मंगळवारी सकाळी जीप धक्क्यावर थांबली तेव्हा माणसं दिसली नाहीत, होड्याही नव्हत्या. मला काही वाटलं नाही. मी कुलूप उघडलं. खोलीत एक वास होता, खाडीच्या चिखलाचा, पण बंद खोलीत येऊ नये इतका दाट. आणि रेकॉर्डरमधून कागद बाहेर आलेला. जमिनीवर लोंबत होता.

मी आधी चिडलेच. कुणी हात लावला? मग लक्षात आलं की कुलूप मीच उघडलं. खिडकीला गज. बॅटरी मागे जीपमध्ये, ती शुक्रवार संध्याकाळपासून ठाण्याला चार्जिंगला होती.

कागद हातात घेतला. शुक्रवारची माझी सही. आणि सहीच्या खाली, जिथून कोरा कागद असायला हवा होता तिथे — रेघ. लाल, ताजी.

सुरुवातीला तीन उड्या.

मग पाचाच्या आसपास सरळ रेघ. मग ती खाली यायला लागली. सावकाश, माणूस जिना उतरतो तशी. चार... तीन... एक. मग शून्य. शून्यावर बराच वेळ, अगदी सपाट. आणि शेवटी पेन थांबलं की पडतो तसा शाईचा बारीक ठिपका.

रेघ कुठे वर उसळलेली नव्हती. शेवटच्या दोन उड्या नव्हत्या.

प्रोब त्याच्या बादलीत होता, शुक्रवारी ठेवला तसा. बादलीत मी दर वेळी कोपरीहून नळाचं पाणी भरून आणायची, प्रोब ओला राहावा म्हणून. ते पाणी काळं झालं होतं. मी... मी ते बाहेर ओतून दिलं. भीतीने. शास्त्रज्ञ म्हणवणारी मी, हातात आलेला नमुना ओतून दिला. इतकी वर्षं झाली, अजून हळहळते.

बादली हातात तशीच, आणि समोर हिराकाकी उभी. केस मोकळे, डोळे सुजलेले.

"बाय, ते रईवारपासून घरा आयले नाय."

रविवारी जेवून बाराच्या सुमाराला काका एकटेच होडी घेऊन निघाले होते. बरोबर एक रिकामी बाटली, पाणी भरून आणायला. काकीला म्हणाले होते, वरची नाय येत त मीच पानी भरून देतो तिला. साडेतीनला कुणीतरी होडी पाहिली. होडी होती, काका नव्हते. गावातल्या सगळ्या होड्या दोन दिवस शोधत होत्या.

मी कागदाची लांबी मोजली. सवयच ती. पस्तीस सेंटिमीटर. साडेतीन तास.

काकीला वाचता येत नव्हतं, पण तिने त्या तीन उड्यांवर बोट ठेवलं. मग बोट रेघेवरून शेवटपर्यंत नेलं आणि ठिपक्यापाशी थांबली.

"दोन नाय," ती म्हणाली.

मी काय सांगू तुम्हाला. ती तशीच खाली बसली आणि मीही बसले. रडायचं सुचलं नाही. मला फक्त ते "तू नसलीस त वर कोन बसल" ऐकू येत होतं. त्याच संध्याकाळी ओहोटीला काका खाजणात, तिवरांच्या मुळांत सापडले. डॉक्टर म्हणाले, बहुधा हृदयाचा झटका, मग पाण्यात पडले असतील. असेल. मी त्यावर वाद घालत नाही.

सरांना मी कागद दाखवला. सर तर्कटी, पण माणूस सच्चा. त्यांनी दोन दिवस त्या रेकॉर्डरचा प्रत्येक स्क्रू उघडला. कुठे वीज साठून राहिली असेल का, दमटपणाने पेन हललं असेल का... पण कागद ओढायला मोटर लागते, मोटरला बॅटरी लागते, आणि बॅटरी ठाण्याला होती, तिची नोंद रजिस्टरमध्ये. मग मशीन बनवणाऱ्यांकडे पाठवलं. मघाशी सांगितलंच, ठणठणीत.

"हा कागद रिपोर्टात जाणार नाही," सर म्हणाले. "कोणी मोजलं, कधी मोजलं, कशाने मोजलं? तूच सांग काय लिहायचं."

त्यांचं बरोबर होतं. काकांनी आयुष्य घालवून जो पुरावा मागितला तो माझ्या हातात होता आणि मला तो वापरता येत नव्हता. मी म्हटलं, "सर, मला पुढची अष्टमी द्या. फक्त एक दिवस. आणि तुम्ही पण चला."

"आता पंचांग बघून प्रयोग करणार?"

"हो," मी म्हटलं. "आधीच करायला हवा होता."

पुढची अष्टमी सोमवारी होती. भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी पेन्सिलने गोल केला, तेव्हा आई म्हणाली, उपास धरतेस की काय? मी हो म्हटलं. त्या दिवशी खरंच काही खाल्लं नाही.

होडीवर हिराकाकी आली. दुसऱ्या कुणाला येऊ दिलं नाही तिने. बांबूला प्रोब तिनेच बांधला, होडी आत नेली, बांबू सोडला. मी खोलीत, सर माझ्या शेजारी खुर्चीवर. धक्क्यावर गावातली दहाबारा माणसं. रेघ सुरू झाली — सरळ. उड्या नाहीत. मी दारात येऊन पाहिलं तर काकी म्हणाली, "मी नाय ठोकनार. ते त्यांचा होता."

बारा वाजले. ऊन असं की पत्रा तडतडत होता. पाणी उतरत होतं, पण आळसावल्यासारखं. साडेबाराला रेघ खाली वळली. सर पुढे झुकले. चार. तीन. बाहेर कुणीतरी ओरडलं म्हणून मी पाहिलं — पाण्यावर बोईट मासे वर येत होते, शेकड्यांनी, तोंडं उघडून. पाणी काळं आणि त्यावर ती पांढरी तोंडं. काकी होडीत मधोमध बसून होती, बांबूला धरून.

दीडच्या सुमाराला रेघ शून्यावर टेकली.

मी पर्समधून तो पहिला कागद काढला आणि रेकॉर्डरमधून बाहेर आलेला नवा कागद न तोडता ओढून दोन्ही खिडकीच्या काचेवर एकावर एक धरले. उन्हात दोन्ही रेघा आरपार दिसत होत्या. एकीवर दुसरी बसली. उतार तोच, वळण तेच. सरांनी चष्मा पुसला आणि परत पाहिलं.

साडेतीनला मी खूण केली. काकीने बांबू वर ओढला, प्रोबसकट होडीत आडवा ठेवला. रेघ उसळली, हवा लागल्यावर उसळते तशी. झालं, असं म्हणून मी बटणाकडे हात नेला.

पेनाने उडी मारली. मग आणखी एक.

मी आणि सर, दोघांनी पाहिलं. मी दारात धावले. काकी होडीत उभी होती, बांबू तिच्या पायाशी पडलेला, तिचे दोन्ही हात तोंडावर.

"काकी, ठोकलंस?"

तिने मान हलवली. नाही. मग हात खाली घेतले आणि म्हणाली, अगदी शांतपणे, रोजच्या आवाजात, "पायाखाली ऐकला मी. फलीला. दोन." आणि मग, पाण्याकडे बघून — "वर आयले."

खोलीत परत आले तेव्हा सर खुर्चीत तसेच बसलेले. म्हणाले, "वेळ लिही कागदावर."

"काय म्हणून लिहू?"

"दोन ठोके. कारण अज्ञात. सही कर. खाली मी करतो."

त्या दुसऱ्या कागदावर आम्हा दोघांच्या सह्या आहेत. रिपोर्टात तो कागद तसाच लागला, त्या दोन उड्यांसकट, आणि कुणी त्याबद्दल एक प्रश्न विचारला नाही. नाल्याची तपासणी झाली, नोटिसा निघाल्या. पाणी काही वर्षं खरंच सुधारलं होतं, निवट्या, म्हणजे चिखलातले ते छोटे मासे, परत उड्या मारायला लागल्या होत्या. पुढचं मला माहीत नाही, मी तोवर दुसरीकडे गेले होते. बँकेतल्या मुलाने नकार कळवला, हेही सांगून टाकते, नाहीतर कुणीतरी विचाराल.

आता तुम्ही म्हणाल, शुक्रवारी बॅटरी काढायची राहिली असेल, कुणी बनावट किल्ली केली असेल, काकांनीच स्वतः आत शिरून मशीन चालवलं असेल. मी हे सगळं तुमच्या आधी, तुमच्यापेक्षा जास्त वेळा म्हणून पाहिलंय. एकही उत्तर बादलीतल्या पाण्यापर्यंत पोचत नाही, आणि दुसऱ्या कागदावरच्या त्या दोन उड्यांपर्यंत तर नाहीच. माझ्याकडे स्पष्टीकरण नाही. दोन कागद आहेत, एका जाड फायलीत. लाल शाई आता तपकिरी झाली आहे.

प्रोजेक्ट संपल्यावर पहिला कागद मी हिराकाकीला द्यायला गेले होते. वाटलं, तिच्या नवऱ्याचं शेवटचं काम, तिच्यापाशी असावं. तिने तो मांडीवर ठेवून हाताने सरळ केला आणि माझ्याकडे परत सरकवला.

मी इतके महिने पोटात ठेवलेलं तेव्हा विचारलं. "काकी, मी त्या रविवारी आले असते तर?"

मग तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"तू त्यांची वरची व्हतीस ना बाय," ती म्हणाली. "उशिरा, पन उरी टाकलीस."